दुधाची राजदूत

आमच्या गोठ्यामागच्या पडवीत राजदूत मोटारसायकल चौदा वर्षं उभी होती. पुढचं चाक सोयाबीनच्या रिकाम्या पोत्यांत रुतलेलं, सीटवर कोंबड्यांचा मुक्काम, हँडलला बैलांचे जुने कासरे टांगलेले. बाबा ती विकत नव्हते आणि चालवतही नव्हते. दर उन्हाळ्यात भंगारवाला यायचा, तिच्याकडे बघून किलोचा भाव सांगायचा. बाबा त्याला ताक पाजायचे आणि वाटेला लावायचे.

गाडी १९८६ची. बाबांनी ती १९९१ साली आर्वीला जुनीच घेतली. एस्कॉर्ट्स कंपनीची, १७३ सीसीची, टू-स्ट्रोक, तीन गिअरची. हिचं मूळ पोलंडचं. एसएचएल एम-११ नावाच्या गाडीवरून १९६२ पासून ती आपल्याकडे बनू लागली. तिकडच्या ज्या माणसांनी ती आखली, त्यांच्या डोळ्यांसमोर काय होतं कोण जाणे. आमच्याकडे तिच्या दोन्ही अंगांना वीस-वीस लिटरचे दुधाचे कॅन लटकायचे आणि येताना कॅरिअरवर सरकीच्या ढेपेचं पोतं असायचं. घरच्या तीन म्हशी, दोन गवळाऊ गाई आणि शेजारच्या चार घरचं दूध. पहाटे पाचला बाबा निघायचे आणि आर्वीच्या हॉटेलांना दूध घालून नऊपर्यंत परत यायचे. मग वावर. माझी आणि ताईची शाळा, ताईचं लग्न, विहिरीवरची मोटर, हे सगळं त्या गाडीवरून आलं.

मी नोकरीनिमित्त वर्ध्याला असतो. शनिवारी गावी जातो. दोन वर्षांपूर्वी एका शनिवारी कोंबड्या हाकलून मी सीट पुसली आणि बाबांना म्हटलं, "हिला मी उभी करतो."

"करून राहिला तं नीट कर," ते म्हणाले. "अर्धवट नको करू."

नीट म्हणजे काय, हे त्या दिवशी आम्हा दोघांच्या डोक्यात वेगवेगळं होतं. ते कळायला मला वर्ष लागलं.

गाडी खोलायला तीन शनिवार गेले. प्रत्येक नटबोल्ट डब्यात, डब्यावर चिठ्ठी, खोलण्याआधी मोबाइलवर फोटो. इंजिन आर्वीच्या जुन्या मेकॅनिककडे गेलं आणि त्याचं काम त्यांनी असं केलं की त्याबद्दल मला काही लिहायचीही गरज नाही. माझा जीव अडकला होता चेसीत. खरवडली तेव्हा रंगाचे थर दिसले: वर काळा, खाली निळा, त्याखाली रेड ऑक्साइड आणि तळाशी कंपनीचा भट्टीत भाजलेला पहिला काळा रंग. तो सगळ्यांत पातळ, पण सगळ्यांत घट्ट. वरचे दोन गावातल्या फवाऱ्याचे. ते नखानेही निघत होते.

मडगार्डच्या आतून मात्र रंग असा उरलाच नव्हता. आमची काळी माती पावसाळ्यात चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये गच्च बसते, चाक फिरेनासं होतं. माती काडीने काढली तरी पत्र्याला चिकटलेला थर ओला राहतो आणि आतून पत्रा खात बसतो. कॅरिअरखालच्या नळ्यांना वेगळाच गंज होता, खड्ड्याखड्ड्यांचा. कॅनच्या झाकणातून हिंदकळलेलं दूध तिथे वर्षानुवर्षं झिरपलं होतं. दूध आंबलं की त्याचं आम्ल होतं आणि ते लोखंडाला सोडत नाही. आईने नळीचा वास घेतला आणि म्हणाली, "अजून आंबूस येते." मला आला नाही. तिला आला असेल.

म्हणून ठरवलं की चेसी, स्विंग आर्म, दोन्ही स्टँड, मडगार्ड, चेन कव्हर, टूल बॉक्स आणि कॅरिअर या सगळ्याला पावडर कोटिंग करायचं, म्हणजे रंगाची कोरडी पूड मारून ती भट्टीत भाजायची. टाकी सोडून. टाकीत जुने पोचे होते, पोच्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली होती आणि लांबी भट्टीत टिकत नाही. शिवाय ज्या टाकीत पंचवीस वर्षं पेट्रोल होतं तिला दोनशे अंशांच्या भट्टीकडे नेण्याची कल्पनाही मला सोसवेना. टाकी आर्वीच्या पेंटरने हाताने लाल केली, पूर्वी होती तशी.

माघ संपताना मी वर्ध्याच्या एमआयडीसीत एका कोटिंगवाल्याकडे गेलो. आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. कूलर. कूलरचे पत्रे, कूलरचे स्टँड, कूलरच्या जाळ्या. विदर्भात होळीच्या आधी महिनाभर सगळं लोखंड कूलरकडे जातं. "दादा, तुमचं काम करतो," तो म्हणाला, "पण आता नाही. पाणी पडू द्या." ज्या मुलखात मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तिथे कुणाच्या बापाची राजदूत कुणाच्या कूलरच्या आधी भट्टीत जाऊ नये, हे मलाही पटलं. मी थांबलो.

थांबलो त्याचा एक फायदा झाला. ताईच्या घरी खिडकीत पाच वर्षांपूर्वीचा कूलर आहे, काळ्या पावडर कोटिंगचा. उन्हाळ्यात तिच्याकडे गेलो असताना सहज त्यावर हात फिरवला, तर बोटं पांढुरकी झाली, फळा पुसल्यासारखी. कोटिंगवाल्याला विचारलं तेव्हा त्याने सरळ सांगितलं. कपाटांना जी पावडर मारतात तिच्यात इपॉक्सी असतं. ती गंजाला चांगली, तेलाला चांगली, पण उन्हात तिचा खडू होतो. बाहेर राहणाऱ्या वस्तूला प्युअर पॉलिस्टर लागतं. दोन्ही पावडरी डब्यात सारख्याच काळ्या दिसतात. हातात धरून मला तरी फरक कळला नसता. आरएएल ९००५ या रंगाच्या नंबराचा अर्थ गडद काळा, हे त्यांच्या रंगपुस्तकात दिसतं. त्या काळ्याच्या पोटात काय आहे, ते विचारावं लागतं. मी पॉलिस्टरच मागितलं.

आधी सँडब्लास्टिंग. पहिल्या ठिकाणी गेलो आणि तसाच परतलो. एक विशीतला पोरगा उघड्यावर नदीची वाळू हवेच्या दाबाने लोखंडावर मारत होता, तोंडाला नुसता दुपट्टा. वाळू फुटली की तिची जी बारीक धूळ होते ती फुप्फुसात जाऊन बसते आणि परत निघत नाही. सिलिकोसिस म्हणतात त्याला, आणि तो बरा होत नाही. दुपट्ट्याने ती धूळ अडत नाही. मी मालकाला म्हटलं, तर त्याने भाव कमी केला. माझ्या बापाची गाडी चमकावी म्हणून त्या पोराच्या छातीत वाळू भरायला मी तयार नव्हतो. नागपूरजवळच्या हिंगण्याला बंद केबिनचं एक युनिट मिळालं, जिथे वाळूऐवजी पोलादाचे बारीक दाणे वापरतात आणि मारणाऱ्याच्या डोक्यावर हवेची नळी लावलेला टोप असतो. महाग पडलं. मी हे काम करणाऱ्या प्रत्येकाला एवढंच विनवेन की चेसी देण्याआधी पाच मिनिटं उभं राहून ती कशी साफ करतात ते बघा.

ब्लास्टिंगच्या आधी मी स्टिअरिंगच्या मुंड्यावरचा चेसी नंबर टेपचे चार थर लावून झाकला. नोंदणीची पंधरा वर्षं केव्हाच उलटली होती आणि नूतनीकरणाला गाडी न्यायची तर तो नंबर नीट वाचता आणि पेन्सिलने उतरवता आला पाहिजे. दाण्यांचा मारा जुन्या ठशाच्या कडा खातो आणि वरून साठ-ऐंशी मायक्रॉनची पावडर बसली की उरलेला आकडा बुजतो. चांगल्या कोटिंगवाल्याकडूनही हे राहून जातं, कारण त्याच्या हातातल्या कूलरला नंबर नसतो.

ब्लास्टिंग झालेली चेसी मी पहिल्यांदा बघितली ती पोळ्याच्या दोन दिवस आधी. राखाडी, कोरडी, कुठेही चमक नसलेली. तेल नाही, रंग नाही, गंज नाही. मी तिच्यावरून हात फिरवणार होतो तर तिथला कामगार ओरडला, "हात नका लावू जी! घामाचा ठसा उमटते." खरंच आहे. उघडं लोखंड ठसा धरून ठेवतं आणि त्या ठशावर पुढे कोटिंग उचलतं. हातमोजे घालून ती टेम्पोत चढवली आणि वर्ध्याला आणून टाकली. कोटिंगवाल्याचे सगळे कामगार पोळ्याला गावी निघालेले. बाहेर भुरभुर पाऊस. मीही गावी गेलो.

खांदशेकणीच्या संध्याकाळी बाबा बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळत होते आणि म्हणत होते, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी सकाळी शिंगं साळायला बसले. मागच्या वर्षीचा रंग, मळ, पोपडे, सगळं खरवडून शिंग गुळगुळीत होईपर्यंत त्यांनी हिंगुळाच्या डबीचं झाकण उघडलं नाही. मी त्यांना चेसीबद्दल सांगत होतो: साफ झाली, आता दोन दिवस तिथे पडून आहे. त्यांचा हात थांबला. "उघडी ठेवून आला? या पाण्यात?" मी म्हटलं, शेडमध्ये आहे. ते काही बोलले नाहीत.

तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर चेसीवर नारिंगी साय आलेली. हातभर अंतरावरून दिसेल अशी. कोटिंगवाला म्हणाला, पुसून मारू का? मीच नाही म्हटलं. पुसल्याने वरची साय जाते, दाण्यांच्या माऱ्याने झालेल्या बारीक खळग्यांतला गंज तिथेच राहतो आणि कोटिंगखाली पसरत जातो. पुन्हा हिंगणा, पुन्हा पैसे. दुसऱ्या वेळी ब्लास्टिंग सकाळी झालं आणि चेसी त्याच संध्याकाळी कोटिंगला हजर होती.

पण त्या दुसऱ्या फेरीतच ती गोष्ट दिसली, जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं.

सीटखाली, जिथे मागच्या शॉकॉपचा वरचा बोल्ट बसतो, तिथे एक वेल्डिंगची गाठ होती. ओबडधोबड, आवळ्याएवढी. लहानपणी मी तिच्यावर बोट ठेवायचो. बाबांनी सांगितलं होतं की चेसी तुटली होती आणि गावच्या वेल्डरने जोडून दिली. मला ती गाठ फार आवडायची. मनात पक्कं होतं की ही काढायची नाही. वरून काळी पावडर बसेल आणि गाठ तशीच दिसेल, हीच या गाडीची कुंडली.

हिंगण्याच्या माणसाने मला बोलावून गाठीच्या कडेला बोट दाखवलं. केसासारखी रेघ. त्याने तिथे लाल द्रव लावला, थोडा वेळ मुरू दिला, पुसला आणि वरून पांढरी पूड फवारली. पांढऱ्यावर लाल रेघ उमटली, बोटाच्या दोन पेरांएवढी. गाठीच्या पोटात टाचणीच्या टोकाएवढी भोकंही होती. "हे असंच कोट केलं," तो म्हणाला, "तं भट्टीत या भोकांतली हवा-तेल वर येईल आणि बुडबुडे पडतील. ते तं पडूच द्या. पण दोन माणसं बसली की हे पुन्हा तुटन." त्याचं म्हणणं होतं, गाठ कापून आतून नळीचा तुकडा घालायचा आणि नव्याने टिग वेल्डिंग करायचं.

मी त्याला थांबवलं आणि बाबांना फोन लावला. मला वाटलं होतं ते म्हणतील, राहू दे.

"कापून टाक," ते म्हणाले.

मी म्हटलं, बाबा, ती तुमच्या गाडीची आठवण आहे. फोनवर बराच वेळ आवाज नाही. मग त्यांनी सांगितलं. सत्याण्णवचा जुलै. मी अकरावीत, वर्ध्याला. आर्वीच्या अलीकडे पावसात चेसी तुटली, दोन्ही कॅन आडवे झाले आणि चाळीस लिटर दूध रस्त्यावर वाहिलं. त्यातलं निम्मं शेजाऱ्यांचं होतं. मागचं चाक सरळ राहीना, म्हणून ते उचलून धरत त्यांनी गाडी सात किलोमीटर ढकलत गावात आणली. वेल्डरला द्यायला पैसे नव्हते, तर त्याला त्या दिवाळीपर्यंत रोज अर्धा लिटर दूध. शेजाऱ्यांच्या दुधाचे पैसे भरायला आईची पोत गेली. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मला त्या महिन्यात वसतिगृहाचे पैसे वेळेवर आले होते, एवढंच आठवतं.

"तुले ते निशाण पाह्याले बरं वाटते," बाबा म्हणाले. "मी तिच्याकडे पाह्यतच नव्हतो. कापून टाक, बाप्पा."

गाठ कापली. मी तिचा तुकडा मागून घेतला नाही. नव्या जोडाचे टाके माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक, बारीक. पुन्हा लाल द्रव लावून बघितलं. रेघ नाही.

कोटिंग मी पूर्ण दिवस उभं राहून बघितलं. कोनसेटच्या, म्हणजे स्टिअरिंगच्या बेअरिंगच्या, वाट्या, बोल्टची भोकं, सगळे आटे सिलिकॉनच्या बुचांनी बंद. तिथे पावडर बसली तर वाटीत छर्रे बसत नाहीत आणि बोल्ट आट्यांत शिरत नाही. चेसी तारेच्या हुकाने लोखंडी दांडीला टांगली, दांडी जमिनीशी जोडलेली. बंदुकीच्या टोकाला हजारो व्होल्टचा दाब, पण करंट इतका कमी की काम करणारा सहज बंदूक धरतो. पावडर विजेचा भार घेऊन निघते आणि भार नसलेल्या लोखंडाकडे स्वतःहून वळते. समोरून मारली तरी नळीच्या मागच्या अंगालाही जाऊन बसते. दळणाच्या गिरणीत बाहीवर पीठ बसतं तशी. फुंकर मारली तर उडून जाईल इतकी सैल. मात्र जिथे दोन नळ्या कोनात मिळतात तिथे ती जायला मागत नाही. भार कडांवर गोळा होतो आणि कोपरा उपाशी राहतो. कोटिंगवाल्याने तिथे व्होल्टेज उतरवलं, बंदूक तिरपी धरली आणि आधी सगळे कोपरे भरून घेतले, मगच उघड्या नळ्यांकडे वळला. त्या एका गोष्टीवरून मला कळलं की मी योग्य माणसाकडे आलो आहे.

भट्टीचा काटा दोनशेवर गेला तेव्हा मी घड्याळ लावलं. तो हसला. "अजून नाही. हवा तापली, लोखंड कुठं तापलं?" पातळ नळी लवकर तापते, स्टिअरिंगचा जाड मुंडा मागे राहतो. दहा-पंधरा मिनिटं मोजायची ती जाडातलं जाड लोखंड तापल्यावर. गोवरीच्या आरात रोडगे भाजताना आई हेच म्हणते, वरून लाल झाला म्हणून काढू नको, पोटात कच्चा असते. कच्ची राहिलेली पावडर दिसायला तशीच चकचकीत दिसते. सहा महिन्यांनी दगड लागला की टवका उडतो. आणि एकदा नीट भाजली की भाकरीचं जसं पुन्हा पीठ होत नाही, तशी ती पुन्हा तापवली तरी वितळत नाही.

मागच्या मडगार्डने मात्र घात केला. त्याच्या खालच्या टोकाला लांबी भरलेली होती आणि तिच्यावरचा रंग घट्ट होता म्हणून ब्लास्टिंगमध्येही ती निघाली नव्हती. भट्टीतून मडगार्ड बाहेर आलं ते फोड आलेल्या तळव्यासारखं. बाबांना फोटो दाखवला तर शांतपणे म्हणाले, "हो, ते पुलगावले भरलं होतं. बंडीले घासली होती." आधी विचारायला हवं होतं, मी विचारलं नव्हतं. ते मडगार्ड पुन्हा सोलून, पत्रा ठोकून सरळ करून, लांबीशिवाय कोट केलं. पोचा किंचित दिसतो. राहू दिला.

गाडी जोडायला दिवाळीपासून संक्रांत झाली. नवीन काळ्यावर पाना घसरू नये म्हणून प्रत्येक नटाखाली वॉशर, प्रत्येक पान्याला कापड. पावडरचा टवका उडाला तर रंगासारखा ब्रशने जुळत नाही, आणि तिथून पाणी आत गेलं की पापुद्र्याखाली गंज लांबवर चालत जातो. म्हणून मी चेसीच्या खालच्या नळ्यांवर मेणाचा हात दिला आहे. दर पावसाळ्याआधी देईन.

संक्रांतीनंतरच्या रविवारी बाबांनी किक मारली. तिसऱ्या किकला इंजिन लागलं. आई ओट्यावरून उतरून आली. बाबांनी हॉर्न दाबला, तर आवाज नाही. लाइट नाही. मी वायरी तपासत बसलो, बॅटरी बघितली, फ्यूज बघितला. बाबा गोठ्यातून खुरपं घेऊन आले, सीटखाली जिथे अर्थची वायर चेसीला बोल्टने लागते तिथे वाकले आणि बोल्ट सैल करून खुरप्याच्या टोकाने त्या भट्टीत भाजलेल्या, जिवापाड जपलेल्या काळ्यावर हरभऱ्याएवढा गोल खरवडला. पांढरं लोखंड दिसलं. बोल्ट आवळला, भोवती व्हॅसलीन लावलं. हॉर्न वाजला. पावडर वीज जाऊ देत नाही हे मला पक्कं माहीत होतं, आणि बुचं लावायच्या यादीत नेमकी तीच जागा माझ्याकडून राहिली होती.

मग ते गाडीभोवती एक फेरी फिरले. चेसीवरून हात नेत मागे आले, कॅरिअरपाशी थांबले.

"हूक कुठं हाय?"

कॅन लटकवायचे दोन हूक. गावच्या लोहाराने सळई वाकवून केलेले, कॅरिअरला दोन्ही बाजूंना बोल्टने बसवलेले. कंपनीचे नव्हते, म्हणून मी ते काढून ठेवले होते. मी म्हटलं, "बाबा, आता दूध कुठे न्यायचंय?"

त्यांनी ऐकल्यासारखं केलं नाही. पडवीत जाऊन भंगाराचा डबा पालथा केला. दोन्ही हूक सापडले, गंजलेले. कॅनचं कान जिथे बसायचं तिथे सळई झिजून अर्धी झालेली. त्यांनी रॉकेलमध्ये चिंधी बुडवून ते पुसले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि माझ्या बॅगेत ठेवले.

"याले बी भट्टीत टाकून आण. आणि घासजो नको. झिजलेलं तसंच राहू दे."

मी त्यांना सांगितलं की माघ लागतो आहे, तिकडे आता कूलरची गर्दी सुरू होईल.

"मंग थांबतो मी," ते म्हणाले.

हूक सध्या वर्ध्याला आहेत, कूलरच्या पत्र्यांमागे नंबर लावून. गाडीचं कॅरिअर बाबांनी काढून भिंतीला टेकवून ठेवलं आहे. हूक येईपर्यंत बसवायचं नाही म्हणतात.